आधी आकडा खरा करा: भांड्यांच्या दुकानातला साठा आणि गोदाम

प्रश्न एका ताईंचा आहे. इंदुरात राजवाड्याजवळ सासऱ्यांचं जुनं भांड्यांचं दुकान, तीन वर्षांपूर्वी विजयनगरला काढलेलं दुसरं, आणि देवास नाक्याकडे भाड्याचं गोदाम, महिना 18,000 रुपये. वस्तू साधारण अठराशे प्रकारच्या. वर्षाची विक्री खरेदीच्या भावानं धरली तर 90 लाख, साठा 30 लाखांच्या आसपास. संगणकात माल दिसतो पण गोदामात सापडत नाही, सापडतो तेव्हा सीझन उलटून गेलेला असतो. त्या विचारतात, मोठं सॉफ्टवेअर घ्यावं की गोदाम वाढवावं?

ताई, आत्ता दोन्ही नको. मी 1996 पासून हेच काम करतोय. पहिली नऊ वर्षं सियागंजातल्या एका ठोक व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळलं, नंतर इंदूर आणि आसपासच्या गावांतल्या दुकानदारांचे साठे लावून दिले. तुमच्यासारखी अवस्था मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. जागा वाढवली की वर्षभरात तीही भरते. सॉफ्टवेअर घेतलं की चुकीचा आकडा जास्त सुबक अक्षरांत दिसायला लागतो. तुमच्याकडे कमी आहे ती एकच गोष्ट: संगणकातला आकडा आणि फळीवरचा माल एकमेकांशी जुळत नाहीत. ते जुळेपर्यंत कुठे किती मागवायचं, काय काढून टाकायचं, कोणत्या दुकानात काय पाठवायचं, हे सगळे निर्णय अंदाजानंच होणार.

सासऱ्यांच्या काळात हे का चाललं, ते आधी समजून घ्या. एक दुकान, माळ्यावर माल, आणि एक जुना नोकर. त्याला विचारलं की तो डोळे मिटून सांगायचा, ‘तिसऱ्या फळीवर मागे, निळ्या पेटीत.’ नोंदवही त्याच्या डोक्यात होती आणि ती रोज अद्ययावत होत होती, कारण ठेवणारा तोच आणि काढणाराही तोच. दुसरं दुकान आणि वेगळं गोदाम आलं तेव्हा ठेवणारा एक, काढणारा दुसरा आणि विकणारा तिसरा झाला. त्या दिवशी डोक्यातली नोंद कागदावर यायला हवी होती. तुमच्याकडे ती अर्धीच आली.

आकडा कुठे बिघडतो? माल गायब होतो म्हटलं की पहिला संशय नोकरांवर जातो. चोरी होते, नाही असं नाही, पण मी जे फरक शोधले त्यातले बहुतेक नोंदीच्या उशिराचे किंवा चुकीचे निघाले. माणसावर बोट ठेवण्याआधी आकडा जिथून निसटतो ती दारं तपासा. भांड्यांच्या धंद्यात अशी पाच-सहा दारं आहेत.

सगळ्यात मोठं दार आवकीचं. 2009 च्या धनतेरसची गोष्ट सांगतो, ती माझ्याच देखरेखीखाली घडली. आदल्या संध्याकाळी 160 पितळी समया आल्या. गिऱ्हाईक दारात उभं, म्हणून नग मोजून थेट काउंटरवर पाठवल्या. खरेदीचं बिल कुणाच्या तरी खिशात राहिलं. 118 समया विकल्या गेल्या आणि संगणकात शिल्लक दिसायला लागली उणे 118. महिनाअखेरीला हिशोबनिसानं उणे बरं दिसत नाही म्हणून 118 ची जुळवणी नोंद टाकली आणि शिल्लक शून्य केली. दोन आठवड्यांनी बिल सापडलं, 160 ची खरेदी चढली. आता संगणक म्हणतो 160 आणि फळीवर आहेत 42. त्या 42 जानेवारीपर्यंत संपल्या. संगणकात मात्र 118 शिल्लक, म्हणून नवी मागणी कुणी केलीच नाही. फेब्रुवारीत लग्नाचं मोठं गिऱ्हाईक समया मागायला आलं आणि रिकाम्या हाती परत गेलं. तेव्हापासून माझा नियम असा की शिल्लक उणे दिसली तर ती कुणीही ‘सरळ’ करायची नाही. उणे शिल्लक म्हणजे कुठलं तरी कागद चढायचं राहिलंय, ते कागदच शोधायचं.

त्यासाठी गोदामाच्या दाराशी जमिनीवर पिवळ्या रंगानं एक चौकोन आखा, दहा बाय दहा फुटांचा पुरे. आलेली प्रत्येक पेटी आधी त्या चौकोनात उतरेल. ट्रकवाला उभा असतानाच नग मोजायचे आणि बिल्टीशी, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीशी, ताडायचे. पेटी फुटलेली, भिजलेली किंवा कमी असेल तर तो शेरा ट्रान्सपोर्टच्या प्रतीवर तिथल्या तिथे लिहायचा. दुसऱ्या दिवशी फोन करून केलेली तक्रार बहुधा कुणी ऐकत नाही. मग पेट्या उघडून आतली मोजणी, बिलाशी ताळा आणि संगणकात नोंद. हे सगळं आल्यापासून चोवीस तासांत. नोंद होईपर्यंत चौकोनातला माल मालकानं मागितला तरी हलणार नाही. धनतेरसच्या गर्दीत हे जड जातं, पण आवकीच्या नोंदीला एक माणूस खास बसवला तर वीस मिनिटांचं काम असतं.

दुसरं दार सेटचं. 51 नगांच्या डिनर सेटमधल्या दोन वाट्या एका गिऱ्हाइकाला काढून दिल्या, की एक सेट मोडला आणि 49 सुटे नग तयार झाले. संगणकात अजूनही पूर्ण सेट उभा आहे. सेट तोडायचा असेल तर तोडल्याची नोंद आधी, वाटी नंतर. मी तर म्हणतो, प्रत्येक खपाऊ प्रकारचा एक सेट जाणूनबुजून सुट्या नगांसाठी ठेवावा आणि बाकीच्यांना हातच लावू नये.

तिसरं दार जांगडीचं. केटरिंगवाले ‘पन्नास ताटं जास्त द्या, उरली तर परत आणतो’ म्हणून नेतात. हा माल विकलेलाही नसतो आणि शिल्लकही नसतो. संगणकात ‘जांगड’ नावाचं एक वेगळं गोदाम उघडा आणि गेलेला माल तिथे बदली दाखवा. माल पाठवल्याच्या चिठ्ठीवर, म्हणजे चलनावर, परतीची तारीख लिहा. शनिवारी त्या गोदामाची यादी काढली की कोणाकडे काय अडकलंय ते एका पानावर दिसतं. चौथं दार मोडीचं. जुनी पितळ-तांब्याची भांडी वजनावर घेऊन नवी देतो, तेव्हा आलेली मोड स्वतंत्र खात्यात किलोवर जमा व्हायला हवी. मी अशी दुकानं पाहिली आहेत जिथे मोडीतलं जुनं घंगाळ पुन्हा चकचकीत करून नव्या मालात मिसळलं गेलं होतं. परतीचंही तसंच. भांड्यावर एकदा नाव घातलं की ते परत घेता येत नाही, हे बिलावर छापलेलं असू द्या.

पाचवं दार फुकट देण्याचं आणि फुटीचं. धनतेरसला भेट दिलेले चमचे, पोचे पडलेले डबे, फुटलेली काच. यांची नोंद केवळ हिशोबासाठी नाही. जीएसटीच्या नियमांत साठ्याच्या खात्यात हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला आणि भेट किंवा नमुना म्हणून दिलेला माल वेगळा दाखवावा लागतो, आणि अशा मालाच्या खरेदीवरच्या कराची घेतलेली वजावट, म्हणजे क्रेडिट, उलटवावी लागते. वर्षाच्या शेवटी सगळी तूट एका आकड्यात टाकली तर तुमच्या सीएला त्यातलं काही सांगता येत नाही. याच अनुषंगानं दोन गोष्टी आजच तपासा. गोदामाचा पत्ता जीएसटी नोंदणीत अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून लागलाय का? आणि विम्याच्या पॉलिसीत तो आहे का? पॉलिसीवर फक्त दुकानाचा पत्ता असेल तर गोदामातली आग ही तुमची एकट्याची. विम्याची रक्कमही साठ्याइतकी ठेवा. 30 लाखांच्या साठ्यावर 20 लाखांचा विमा असेल आणि 6 लाखांचं नुकसान झालं, तर सरासरीच्या कलमानं, म्हणजे साठ्याच्या जितक्या हिश्श्याचा विमा तितक्याच हिश्श्याची भरपाई या नियमानं, हातात 4 लाखच पडू शकतात.

आता नावांविषयी. इंदुरात ही अडचण फार मोठी आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. तुम्ही घरी पातेलं म्हणता, सेल्समन भगोना म्हणतो, हम्माल तपेली म्हणतो आणि कंपनीच्या बिलावर काहीतरी चौथंच असतं. ज्यानं बिल चढवलं त्यानं आपल्या जिभेवरचं नाव टाकलं. एकाच वस्तूची तीन खाती झाली. एकात उणे 14, दुसऱ्यात 40, तिसऱ्यात 6. खरी शिल्लक 32, पण ती कुठेच दिसत नाही. तुमच्या अठराशे वस्तूंत अशी दुहेरी-तिहेरी खाती नक्की निघतील. एक नाव ठरवा. मी मराठी माणूस असूनही सांगेन की ते हिंदीत ठेवा, कारण गोदामात वाचणारा हिंदी वाचतो. मराठी नाव पर्यायी नाव म्हणून जोडता येतं. क्रम असा ठेवा: धातू, वस्तू, माप, जाडी, कंपनी. आणि माप लिटर किंवा सेंटिमीटरमध्ये. ‘14 नंबर’ असं लिहू नका, कारण जगाधरीच्या मालाचा 14 नंबर आणि भाईंदरच्या मालाचा 14 नंबर एकच असेल याचा भरवसा नाही.

एकक हा त्याच घोळाचा दुसरा भाग. पितळ आणि तांबं किलोवर येतं आणि बरंचसं किलोवरच जातं. स्टीलचा काही माल किलोवर येतो आणि नगावर विकला जातो. कुकर, मिक्सर, कढया नगावर. किलोवर खरेदी आणि नगावर विक्री असलेल्या वस्तूचा साठा कधीच जुळणार नाही, जर आवकीच्या वेळीच वजन आणि नग दोन्ही लिहिले नसतील. जे वजनावर विकतो त्याचं खातं किलोत आणि मोजणी नगांची, एवढं पाळा. नग जुळतात आणि वजन कमी येतंय असं दिसलं, तर बहुधा जाड गेजच्या जागी पातळ माल बिलात गेलेला असतो.

गोदामात शिरू या. प्रत्येक रॅकला, खणाला आणि फळीला क्रमांक द्या. 3-5-2 म्हणजे तिसरी ओळ, पाचवा खण, खालून दुसरी फळी. ‘कुकरवाला रॅक’ अशी नावं ठेवू नका. दिवाळीत तिथे समया येतात आणि नाव खोटं पडतं. जागेचा पत्ता कायम राहतो, त्यातली वस्तू बदलते, आणि ती बदलल्याची नोंद होते. जो माल रोज निघतो तो दाराजवळ आणि कमरेच्या उंचीवर. जड बिडाचे तवे आणि पितळेची पिंपं खाली. हलकं पण फुगीर प्लास्टिक वर. आलेल्या पेट्या परत वापरताना जुन्या छापावर जाड काळी फुली मारा. दुसऱ्या कंपनीच्या पेटीत भरलेला माल ‘हरवलेला’ म्हणून महिनोन्‌महिने पडून राहतो, हे मी स्वतः सतरा वेळा उघडून पाहिलंय.

पेट्या जमिनीपासून निदान सहा इंच उंच फळकुटांवर आणि भिंतीपासून फूटभर दूर. पावसाळ्यात भिंतीची ओल पुठ्ठ्यात उतरते आणि खालची पेटी बसली की वरचे चारही थर कलतात. तांबं-पितळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर आत घाम धरतो आणि डाग पडतात. कोरड्या कागदात गुंडाळा. बिडाच्या तव्यांना तेलाचा हात द्या. तळघरात माल ठेवायचा मोह असेल तर तो सोडा, एका मोठ्या पावसात वर्षाचा नफा पाण्यात जातो.

राजवाड्याच्या गल्ल्यांत दिवसा ट्रक येत नाही, त्यामुळे गोदामातून दुकानात माल लोडिंग रिक्षानं सकाळीच यायला हवा. दिवसातून एकच फेरी ठरवा. आत्ता तुमच्याकडे ‘दोन कुकर पाठव’ म्हणून फोन जातो, मुलगा स्कूटरवर घेऊन येतो आणि चलन कुणी करत नाही. तिथेच दोन्ही जागांचे आकडे बिघडतात. त्यापेक्षा दुकानात प्रत्येक खपाऊ वस्तूचे दोन गठ्ठे ठेवा. मागचा गठ्ठा उघडायची वेळ आली की त्यावर लावलेली चिठ्ठी काढून खोक्यात टाकायची. रात्री त्या चिठ्ठ्या गोदामाला जातात आणि सकाळी तेवढाच माल चलनासह येतो. टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो यांनी चिठ्ठीची हीच पद्धत बसवली, आणि तिची प्रेरणा होती अमेरिकेतल्या सुपरमार्केटांची फडताळं, जिथे गिऱ्हाईक उचलतं तेवढंच मागून भरलं जातं. म्हणजे कल्पना मूळची दुकानदारीचीच आहे. तिला संगणकही लागत नाही.

सगळ्या अठराशे वस्तूंकडे सारखं लक्ष देणं अशक्य आहे. वर्षाच्या विक्रीची किंमत मोठ्याकडून छोट्याकडे मांडा. बहुतेक दुकानांत वरच्या पाचव्या हिश्श्याहून कमी वस्तू विक्रीचा मोठा भाग उचलतात. समजा वरच्या 150 वस्तू ‘अ’, पुढच्या 400 ‘ब’ आणि उरलेल्या 1,250 ‘क’. ‘अ’ दर महिन्याला मोजा, ‘ब’ तिमाहीला, ‘क’ वर्षातून एकदा. महिन्याला 26 दिवस धरले तर रोज सहा ‘अ’, पाच ‘ब’ आणि चार ‘क’, म्हणजे पंधरा वस्तू. दुकान उघडण्याआधीचा अर्धा-पाऊण तास. मोजणाऱ्याला संगणकातला आकडा आधी सांगू नका. सांगितला की हात आपोआप तिथेच थांबतो. फरक निघाला तर जुळवणी नोंद करण्याआधी वरच्या दारांपैकी तो कुठून आला ते त्याच दिवशी शोधायचं आणि वहीत लिहायचं. तीन महिन्यांत त्या वहीवरून कळतं की तुमचं कोणतं दार उघडं आहे. मार्चअखेरची एकच मोजणी हे सांगू शकत नाही, कारण तोवर फरक कधी आणि कसा पडला हे कुणाला आठवत नाही.

किमतीवरून केलेल्या या वर्गवारीत एक खोट आहे. कुकरची रबरी रिंग, शिट्टी, मिक्सरच्या भांड्याचं झाकण ही सारी ‘क’ मध्ये पडतात. पण रिंग मिळते म्हणून येणारं गिऱ्हाईक पुढे कुकरही तुमच्याकडूनच नेतं. रुग्णालयांच्या औषधसाठ्यात जीवनावश्यक वस्तू किंमत न बघता वेगळ्या काढतात, तशी या सुट्या भागांची यादी वेगळी ठेवा आणि त्या कधी संपू देऊ नका. त्यात पैसा फार अडकत नाही.

किती मागवायचं याचं गणित पुस्तकात असं सापडतं: रोजची सर्वाधिक विक्री गुणिले माल यायला लागणारे सर्वाधिक दिवस, त्यातून सरासरी विक्री गुणिले सरासरी दिवस वजा केले की सुरक्षित साठा मिळतो. पाच लिटरचा कुकर घ्या. सरासरी रोज 2, गर्दीत 4. माल येतो 8 दिवसांत, कधी 14. सुरक्षित साठा 56 वजा 16, म्हणजे 40, आणि मागणी करायची शिल्लक 56 वर आल्यावर. हे सूत्र खरं तर एवढंच म्हणतं की सगळ्यात जास्त विक्री आणि सगळ्यात जास्त उशीर एकाच वेळी येतील. असं वर्षातून एखादवेळीच घडतं. तोच कुकर इंदुरातल्या वितरकाकडून दोन-तीन दिवसांत मिळत असेल तर 12 वर मागणी केली तरी चालतं. दोन रुपये महाग पडेल, पण 44 कुकरांचे पैसे आणि जागा मोकळी होईल. मुरादाबाद, जगाधरीहून थेट मागवायचं ते फक्त असं, जे इथे मिळतच नाही किंवा ज्याचा खप ठरलेला आहे. माल संपल्यावर घाबरून दुप्पट मागणी करण्याची सवयही मोडा. निम्मी गोदामं त्या घाबरण्यानं भरलेली असतात.

मागच्या वर्षीचा खप बघून यंदाची खरेदी करताना पंचांग शेजारी ठेवा. हे सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही. उदाहरणार्थ, 17 मे ते 15 जून 2026 हा अधिक ज्येष्ठ. याआधीचा अधिक महिना 2023 च्या श्रावणात होता. आपल्या मराठी घरांतून जावयाच्या वाणासाठी तांब्याची ताम्हनं, निरांजनं, पितळी दिवे नेले जातात आणि त्याच महिन्यात लग्नं थांबल्यानं रुखवताची भांडी, मोठे सेट मंद पडतात. 2025 च्या मे-जूनच्या आकड्यांत यातलं काहीच दिसत नाही. 2023 च्या जुलै-ऑगस्टची बिलं काढून बघा, ताम्हनांचा अंदाज तिथे सापडेल.

अडकलेल्या पैशांकडे येऊ. 90 लाख भागिले 30 लाख, म्हणजे तुमचा साठा वर्षात तीनदा फिरतो. सरासरीनं प्रत्येक नग चार महिने पडून असतो. भाडं वर्षाला 2,16,000, म्हणजे साठ्याच्या 7.2 टक्के. पैशाचं व्याज 12 टक्के धरा, फूट-तूट आणि डाग-पोचे 2 टक्के. एकूण 21 टक्क्यांच्या वर. म्हणजे एखादी वस्तू वर्षभर पडून राहिली आणि तुम्ही तिच्यावर 20 टक्के नफा घेऊन विकली, तरी त्या विक्रीत तुम्ही तोटा केला. ‘भांडं काय खराब होतं का’ हे आपल्या धंद्यातलं वाक्य मला म्हणूनच मान्य नाही. 180 दिवस आणि 365 दिवस न हललेल्या मालाच्या दोन याद्या काढा. पहिली यादी दुकानात समोर आणा, विजयनगरला न चालणारं राजवाड्याला पाठवा आणि उलटही करा. दुसरी यादी काढून टाका: खरेदीच्या भावात, गरज पडली तर धातूच्या भावात. जुने कुकर विशेष तपासा. प्रेशर कुकरला आयएस 2347 या मानकानुसार आयएसआय चिन्ह 2021 पासून बंधनकारक आहे. चिन्ह नसलेला एखादा तपासणीत सापडला तर त्याच्या किमतीपेक्षा ताप मोठा होईल.

2025 च्या घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, घरगुती भांड्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि मिक्सर 18 वरच राहिला. ज्यांचा साठा वस्तुवार खरा होता त्यांनी एका रात्रीत दर बदलले आणि 12 टक्क्यांनी घेतलेल्या मालाचं किती क्रेडिट खात्यात पडून राहणार तेही त्यांना कळलं. ज्यांचा नव्हता ते पहिली माळ उलटून गेली तरी बिलं दुरुस्त करत होते. असे बदल पुन्हा होतील.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर तुमच्याकडे असलेल्या टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळी गोदामं, बदलीचं व्हाउचर, पर्यायी नाव आणि फेरमागणीची पातळी हे सगळं आहे. ते आधी पूर्ण वापरा. ‘अ’ वस्तूंच्या मोजणीत शंभरातल्या 97 सलग तीन महिने जुळल्या, की मग बारकोडचा विचार करा. कंपनीच्या मालावर बारकोड असतोच. 890 नं सुरू होणारा क्रमांक म्हणजे ती कंपनी बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएसवन इंडिया या संस्थेकडे नोंदलेली आहे, माल भारतात बनला असा त्याचा अर्थ नव्हे. सुट्या भांड्यांसाठी तुम्ही स्वतःचे क्रमांक 20 ते 29 नं सुरू होणारे ठेवा, ते दुकानाच्या आतल्या वापरासाठीच राखलेले असतात. स्टीलवर चिकटपट्टीचा डाग राहतो, म्हणून लेबल दोऱ्याच्या टॅगवर लावा.

गोदाम वाढवायचं की नाही, हे 365 दिवसांची यादी निघून गेल्यावर ठरवा. माझा अंदाज आहे की तुमचे बरेच खण मोकळे होतील. त्यानंतरही दहातले नऊ खण सहा महिने भरलेले दिसले तर जागा बघा, आणि ती देवास नाक्यालाच लागून बघा, दोन दिशांना दोन गोदामं नकोत.

सुरुवातीची पूर्ण मोजणी येत्या धनुर्मासात घ्या. 16 डिसेंबरपासून लग्नं थांबतात, बाजार सुस्त असतो. आधी नावं एक करा, त्याला आठवडा लागेल. मग रविवार-सोमवार धरून एकेक ओळ मोजा, मोजलेल्या खणावर तारखेची चिठ्ठी लावा आणि त्या ओळीतून त्या दिवशी काहीही बाहेर काढू नका. 5 जानेवारीपर्यंत हे आटोपलं पाहिजे. त्यानंतर संक्रांतीच्या वाणासाठी छोट्या वाट्या आणि डब्या डझनांनी मागणाऱ्या बायका दुकानात यायला लागतात.